पावसात भरणारी बैठक

पाणी कुठं जातं, एवढा एकच प्रश्न घेऊन अख्खा जन्म काढणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. दुसरा कुणी असता तर मी चार हात लांबच राहिलो असतो. पण बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, त्याला टाळणार कसा? त्यात माझं जालन्यात सिमेंट-फरशीचं दुकान आणि साडूभाऊ घरांचे नकाशे काढून देणारे इंजिनियर. लोकांना वाटायचं, वा, काय जोडी जमली! कसली जोडी? गिऱ्हाईक अंगणासाठी शहाबादी फरशी बघत असायचं आणि हे मागच्या खुर्चीवरून चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, सगळं अंगण झाकल्यावर पाणी मुरणार कुठं तुमचं? गिऱ्हाईक विचारात पडायचं आणि अर्धीच फरशी घेऊन जायचं. मी मुकाट्याने त्यांच्यासाठी चहा सांगायचो. करता काय!

कुणाच्याही घरी गेले की टेकण्याआधी गच्चीच्या पाण्याची चौकशी. प्यायला दिलेल्या तांब्यातलं घोटभर पाणी उंबऱ्याबाहेर ओतायचे आणि धार कुठं वळते ते वाकून बघायचे. माझ्या पुतणीसाठी राजूरजवळ एक स्थळ बघायला गेलो होतो. गणपतीचं दर्शन झालं, मुलगा पसंत पडला, सगळी मंडळी पोहे खात होती आणि हे न्हाणीघराच्या मागे. परत आले ते असा चेहरा करून, की माझ्या भावाने पोह्यांची बशीच खाली ठेवली. म्हणाले, पोरगा ठीक आहे, पण मोरीचा उतार चुलीकडं आहे. सोयरीक मोडता मोडता वाचली. गंमत अशी की मुलाच्या वडिलांनी लग्नाआधी तो उतार बदलून घेतला आणि मांडवात पहिला फेटा साडूभाऊंनाच बांधला. तेव्हापासून तर त्यांना धरबंधच राहिला नाही.

नव्वदच्या आसपास त्यांनी एक मंडळ काढलं. 'पर्जन्यपूरक नगररचना व्यावसायिक मंडळ'. रंगाऱ्याला पाटी पुरली नाही, शेवटचा शब्द कडेला उभा लिहावा लागला. सभासद म्हणजे नकाशे काढणारे दोन तरुण, पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले खानसाहेब, आणि आधी सिमेंटवाल्यालाच सुधारलं पाहिजे म्हणून मी. शहर वाढणार, त्याला कुणी अडवू नये, पण नाल्यांना, विहिरींना, झाडांना जागा ठेवून वाढावं, हे मंडळाचं धोरण. हवामान बिघडत चाललंय हे ते तेव्हापासून सांगत होते, जेव्हा आम्हाला हवामान म्हणजे रेडिओवरच्या बातम्यांचं शेपूट वाटायचं. "पाऊस कमी होईल म्हणत न्हाई मी," ते म्हणायचे. "पाऊस येडावाकडा होईल. महिन्याचा एका दुपारी येईल. त्या दुपारसाठी गाव बांधायचं."

मंडळाचा नियम मात्र जगावेगळा. बैठक फक्त पावसात. पाऊस लागला की सभासदांनी हातातलं काम टाकून, छत्री घेऊन ठरल्या चौकात यायचं आणि वाहत्या पाण्याच्या मागेमागे चालायचं. ते जिथं तुंबेल तिथं थांबून चर्चा. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून आमच्याकडे बघायच्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपल्याकडचा पाऊस तो. ज्या वर्षी दगा द्यायचा त्या वर्षी मंडळाची बैठकच नाही. खानसाहेब आभाळाकडे बघून म्हणायचे, "आज भी कोरम नहीं हुआ साहब."

अशाच एका बैठकीने घात केला. राजूर रस्त्याला नवी कॉलनी पडली होती आणि साडूभाऊंनी तिथं प्लॉट घेतला होता. अक्कांचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, सगळा जीव त्या प्लॉटात. खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावं लागतं, म्हणून त्या भाड्याच्या घराला विटल्या होत्या. तुळस कुठं, देव्हारा कुठं, पापड वाळवायचे कुठं, सगळं ठरलेलं. त्या दिवशी आम्ही वरच्या माळावरून पाण्यामागे निघालो, तर ते लोंढ्याने उतरलं, थेट साडूभाऊंच्याच प्लॉटात शिरलं आणि तिथून पलीकडच्या नाल्याला मिळालं. तिथं जोतं उभं राहिलं असतं तर हेच पाणी वळून खालच्या ओळीतल्या घरांत घुसलं असतं. खानसाहेब हळूच म्हणाले, मुरमाची भर टाकली की आपलं घर बराबर होतंय.

"आपलं होतंय हो, खालच्यांचं काय?" साडूभाऊ म्हणाले. "दुसऱ्याला सांगत हिंडायचं आणि आपल्या वेळेला भर टाकायची, हे आपल्याच्यानं होणार न्हाई."

घर रद्द. अक्का कितीतरी दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. माझ्या बायकोने मलाच धारेवर धरलं, जसा काही मीच तो ओघळ वळवून आणला होता.

एवढ्यावर थांबतील तर ते साडूभाऊ कसले! उद्या आपल्यामागं तिथं कुणी बांधलं तर? म्हणून कॉलनीच्या नकाशावर त्यांना पाणवाटेची निळी रेघ हवी होती. नकाशा मंजूर करणारे साहेब म्हणाले, पाणी वाहताना दाखवा, मग बघू. नेमका त्या वर्षी पावसाने डोळे वटारलेले. तर या गृहस्थाने भर उन्हाळ्यात, साहेबांना दाखवायला माळावर टँकर आणला! जालन्यात, उन्हाळ्यात, टँकर! चावी फिरवली, आणि पाणी जमिनीला लागायच्या आत हंडे, कळश्या, बादल्या, पिपं घेऊन सगळी कॉलनी हजर. साडूभाऊ हात जोडून सांगताहेत, अहो सांडू द्या, थोडं सांडू द्या! ऐकतंय कोण. थेंब पुढं सरकला नाही. लोकांत सगळ्यात पुढं, टँकरची खबर लागून आलेल्या अक्का दोन कळश्या घेऊन उभ्या. कितीतरी दिवसांनी त्या नवऱ्याशी बोलल्या. "पाणी कुठं जातंय ते बघायचं व्हतं ना? बघा, घराघरात चाललंय." साहेब हसत हसत जीपमध्ये बसले. रेघ काही पडली नाही, पण घरातला अबोला सुटला.

मग काही वर्षांनी ती दुपार आली. आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला. मी शटर ओढून, छत्री घेऊन पळालो. प्लॉटाच्या कडेला साडूभाऊ ओलेचिंब उभे आणि त्यांच्या डोक्यावर छत्री धरून अक्का. मातकट लोंढा त्यांच्या न बांधलेल्या स्वयंपाकघरातून, देवघरातून, अंगणातून सुसाट नाल्याकडे चालला होता. खालच्या ओळीत लोक खिडकीत बसून चहा पीत होते. त्यांना काही पत्ताच नव्हता. अक्का देवघराच्या जागेकडे बघत म्हणाल्या, "खरंच लई पाणी आलं हो." साडूभाऊंनी चष्मा पुसला. पावसात पुसून काय उपयोग, पण पुसला. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला, आणि तो तोंडाने सांगायचा राहून गेला.

साडूभाऊ भाड्याच्या घरातच वारले. अक्का अजून तिथंच आहेत. मध्यंतरी एक बिल्डर माझ्या दुकानात आला. प्लॉट नुसता पडून आहे, नकाशावर काही अडचण नाही, मावशींना वरच्या मजल्यावर चांगला फ्लॅट देतो, म्हणाला. खोटं कशाला बोलू, अक्कांनी हो म्हणावं असं मलाही वाटलं. त्याला घेऊन गेलो. अक्कांनी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाऊस लागला की या प्लॉटावर. आमची बैठक असती. मंग बोलू."

तो काही आला नाही. परवा दुपारी आभाळ भरून आलं. दुकानात गिऱ्हाईक फरशी बघत होतं. मी छत्री उचलली आणि त्याला म्हटलं, बसा जरा, बैठकीला जाऊन येतो. जाऊन बघतो तर खानसाहेब काठी टेकत आधीच पोचलेले, आणि अक्का साडी वर खोचून, साडूभाऊंची ती जुनी काळी छत्री घेऊन उभ्या. कोरम झाला होता. आम्ही तिघं पाण्यामागे निघालो.