लोर्नाने ओळखलेला वास

सकाळी चहाचं आधण ठेवत होते, तेव्हा मायकलचा फोन आला. ‘सुधा, लोर्ना गेली गं... झोपेतच.’ मायकल तिचा धाकटा भाऊ. गिरगावात आमच्या चाळीमागच्या वाडीत त्यांचं घर. शाळेत आणि पुढे माटुंग्याच्या कॉलेजातही लोर्ना आणि मी एकाच बाकावर. महिना उलटला, तरी तिच्याबद्दल ‘होती’ म्हणताना जीभ अडखळते.

तिला लहानपणापासून मधुमेह. कॉलेजात असताना एकदा ताप आला, अन्न जाईना, म्हणून तिने इन्सुलिनही बंद ठेवलं. जेवणच नाही तर सुई कशाला, असं घरच्यांनाही वाटलं. शेवटी बेशुद्धावस्थेत तिला परळला हॉस्पिटलात न्यावं लागलं. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्तात आम्ल साठत जातं, हे तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. शुद्धीवर आल्यावर ही बया म्हणते, ‘माझं लोणचं होता होता राहिलं!’

लग्नानंतर मी दादरला आले. माझी मीरा नऊ वर्षांची असताना तिला उलट्या सुरू झाल्या. सारखी पाणी मागायची. डॉक्टर म्हणाले, पोट बिघडलंय. लोर्ना सहज भेटायला आली होती. मीरा धापा टाकल्यासारखी खोल श्वास घेत होती. लोर्ना तिच्या तोंडाशी वाकली आणि तिचा चेहराच उतरला.

‘हिच्या तोंडाला वास येतोय... पिकून उतरलेल्या फळासारखा.’

‘अगं, काही खाल्लेलंच नाही तिने.’

‘म्हणूनच सांगते. त्या तापात माझ्या तोंडाला असाच येत होता, मम्मी सांगायची. बघत काय बसलीस? टॅक्सी बोलव!’

हॉस्पिटलात रक्त तपासलं, तर मीरालाही मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. मीराला सुई हातात धरायला शिकवलं ते लोर्नानेच. ‘ताप असो, उलटी असो, इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही,’ असं दटावून. मी बाहेर जाऊन रडत होते; आत दोघी चक्क हसत होत्या.

लोर्नाचं घर आवरताना मायकलने फ्रिज उघडला. अंड्यांच्या कप्प्यात इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या. ‘ह्यांचं काय करू?’ त्याने विचारलं. मीराचंही तेच औषध. तिने त्या घरी आणल्या. आता एकच उरली आहे. परवा आमच्या फ्रिजमध्ये पाहिलं तर मीराने ती मागे सारून दुकानातली नवी पुढे ठेवलेली.

मी म्हटलं, ‘उघड ती. वाया गेली तर लोर्ना ओरडेल.’

मीराने बाटली बाहेर काढली, दोन्ही तळव्यांत धरली आणि तिचा गारवा जाईपर्यंत तशीच बसून राहिली.