हक्कसोडपत्रावरची माझी सही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलीला नाही. आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

तिच्यापासूनच सुरुवात करते. स्वतःपासून करायला जीभ रेटत नाही.

सुनंदा पाचोडची. घरातली पहिली पदवीधर. आमच्या शहरातल्या पदवीधर बायकांच्या गटात ती आली तेव्हा आम्ही दहा-बारा जणी होतो — कुणी वकील, कुणी बँकेत, मी कॉलेजात कायदा शिकवणारी. शनिवारी माझ्याकडे जमायचं, चहा घ्यायचा, निवेदनं लिहायची. सुनंदानं पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, हे कागद वाचतं कोण? आपण गावात कवा जायाचं?"

मग आम्ही जायला लागलो. तिची स्कूटी, मागं मी. बिडकीन, पाचोड, आजूबाजूची खेडी. शाळेच्या व्हरांड्यात बायका जमायच्या. बापाच्या जमिनीत लेकीचा वाटा मुलाइतकाच असतो, भावानं पुढं केलेल्या हक्कसोडपत्रावर डोळे मिटून सही करू नका — हे मी कलमांसकट सांगायची आणि बायका जांभया द्यायच्या. तेच सुनंदा दोन वाक्यांत सांगायची, तर बायका हसत हसत पुढं सरकायच्या. दुपारी ती डबा उघडायची आणि मऊ भाकरी माझ्याकडं सारायची. "तुमचे दात शहरातले," म्हणायची.

आमच्या मागण्या दोनच होत्या. घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लागावं. आणि रजिस्ट्री ऑफिसात हक्क सोडायला आलेल्या बाईला बाजूला घेऊन, एकटीला विचारावं — मर्जीनं सही करतेस ना? पहिली मागणी तीन गावांच्या ग्रामसभांनी मान्य केली. दुसरीसाठी किती खेटे घातले! शेवटी साहेबांनी तशी सूचना भिंतीवर लावली. मजकूर मी लिहिलेला होता. सुनंदानं त्या दिवशी अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले.

मग मी काय केलं? सांगते — थांबा जरा.

माझे वडील गेले. पडेगावला त्यांचा एक प्लॉट होता आणि शहरात घर. तेराव्यानंतर भाऊ म्हणाला, "ताई, उगाच नावं कशाला वाढवायची? सही करून टाक." त्यानं दम दिला नाही. आई रडली नाही. मला कुणी कोंडून ठेवलं नव्हतं. मी त्याच ऑफिसात गेले. तिथल्या कारकून बाईंनी मला बाजूला घेतलं — आम्हीच मागितलं होतं ना तसं — आणि विचारलं, "मॅडम, मर्जीनं करताय ना?" मी हो म्हणाले. भावजय काय म्हणेल, नातेवाईक हावरी म्हणतील — एवढ्याचीच भीती होती. दोन मिनिटं लागली.

पण हे अजून अर्धंच झालं.

वर्षभरानं सुनंदाचे वडील गेले. दोघा भावांनी कागद तयार करून आणला. ती तडक माझ्याकडं आली. पाण्याचा पेला तसाच हातात धरून उभी राहिली.

"ताई, तुमचे वडील गेले तवा तुमच्या भावानं नाय मागितली का सही?"

"मागितली होती," मी म्हणाले.

"मग?"

तिच्या तोंडाकडं बघून मी म्हणाले, "नाही केली."

तिनं पाणी पिऊन टाकलं. "मग मी बी नाय करत."

आणि तिनं नाहीच केली. भावांनी बोलणं टाकलं. दोन भाऊबिजा ती ताट करून बसली, कुणी आलं नाही. आई शेजारणीच्या फोनवरून चोरून बोलायची. सुनंदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडायची आणि मी तिला चहा करून द्यायची. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? मी साखर किती घालू ते विचारलं.

तिसऱ्या वर्षी धाकटा भाऊ आपणहून आला. तिचा वाटा मोजून दिला. तिनं मोसंबी लावली. आता हंगामात माझ्या दाराशी पिशवी येते, वरची फळं निवडून ठेवलेली. चांगलं झालं म्हणून माझं खोटं खरं होत नाही, हे मला कळतं. आणि प्रत्येक मेळाव्यात सुनंदा माइक घेऊन सांगते — "आमच्या ताईंनी सही नाय केली, म्हणून मला बळ आलं." बायका टाळ्या वाजवतात. मी मान खाली घालते. त्याला सगळे विनय म्हणतात.

गेल्या महिन्यात एका कॉलेजात कार्यक्रम होता. एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, तुम्ही भावाला नेमकं काय म्हणालात? मला घरी बोलायचंय." सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. मी म्हणाले, "मी त्याला सांगितलं — मी वाटाही सोडणार नाही आणि तुलाही सोडणार नाही." मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं.

ते वाक्य सुनंदाचं होतं. पाचोडच्या ओसरीवर, दोघा भावांसमोर ती ते म्हणाली होती, आणि तिनंच मला येऊन सांगितलं होतं. आणि त्या दिवशी हॉलमध्ये सुनंदा पहिल्याच रांगेत बसली होती.

परतताना तिनं स्कूटी बाजूला थांबवली आणि मागं वळली. मला वाटलं, आता विचारणार. तिचे डोळे भरले होते.

"ताई, आपण दोघी एकच बोललो की! तुमी कधी सांगितलं बी नाय. मला लई भारी वाटलं."

मी म्हणाले, "हो गं."

मी सही केली होती. तिला केली नाही म्हणून सांगितलं, आणि नंतर तिचं धाडसही माझ्या नावावर घेतलं. सुनंदाला हे माहीत नाही.