पाच टाक, पितळी डबा आणि माझं शहाणपण

देवासहून विमानाने पुण्याला जायचं तर इंदूरपर्यंत तासाभराचा रस्ता. मी मात्र इंदूर ओलांडून आदल्या दिवशी धारला गेलो. तिथल्या माझ्या काकूंच्याने आता पूजा होत नाही, म्हणून कुलदेवतांचे पाच चांदीचे टाक पुण्याला माझ्या मुलाच्या घरी न्यायचे होते. काकूंनी ते पितळी डब्यात बसवून माझ्या हाती दिले. म्हणाल्या, "सांभाळून ने हो. पायाशी ठेवू नकोस."

सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघालो. धार ते विमानतळ दीड तास धरा, पण पीथमपूरच्या कारखान्यांच्या पाळ्या सुटायची वेळ टाळा. मी टाळली नाही आणि कंपन्यांच्या बसांमागे अर्धा तास रखडलो. त्यामुळे विमानात सगळ्यात शेवटी शिरलो, तोवर वरचे कप्पे गच्च भरले होते.

हवाईसुंदरीने डबा पुढच्या सीटखाली सरकवायला सांगितलं. मी तिला देव, पाय आणि पावित्र्य यांवर छोटंसं प्रवचन दिलं. तिने ते शांतपणे ऐकलं.

"अंकल, गोद में नहीं रख सकते. झटका लगा तो यही डब्बा किसी को लगेगा."

मी मुकाट्याने डबा खाली ठेवला. तिची पाठ वळताच उचलून मांडीवर घेतला आणि वर शाल पांघरली. उड्डाण सुखरूप झालं, तेव्हा तर मला माझ्या हुशारीचं फारच कौतुक वाटलं.

पुण्यात चाकं टेकली, करकचून ब्रेक लागला आणि डबा शालीसकट निसटला. समोरच्या सीटवर आपटला, खाली पडला आणि घसरत पुढे बसलेल्या बाईंच्या टाचेवर जाऊन आदळला. त्या कळवळल्या. विमान थांबल्यावर मी वाकून डबा ओढून घेतला, कपाळाला लावला, उघडून टाक मोजले. पाचही शाबूत होते. तुम्ही असं काही नेणार असाल तर लवकर पोहोचा आणि जड वस्तू सीटखालीच, पार आत सरकवा.

टाक मुलाच्या देवघरात बसवून मी देवासला परतलो आणि काकूंना फोन केला. झालेलं सगळं कबूल केलं, देव परक्या पायांशी गेले म्हणून माफीही मागितली. आता बोलणी बसणार याची खात्री होती.

"देवांचं राहू दे रे," काकू म्हणाल्या. "त्या बाईंना कितपत लागलं?"

मी त्या बाईंना विचारलंच नव्हतं.