बंदुकीच्या पुढं

"त्याईच्या मागं नको राहू वं. पुढं चालजो," असं सांगून सासूबाई चुलीकडे वळल्या आणि मी दारात तशीच उभी राहिले. त्याई म्हणजे माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणायची. त्यांच्या खांद्यावर दुनळी बंदूक होती आणि त्या बंदुकीच्या पुढं मी चालायचं होतं. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून कोणी सुनेला छर्रे खायला पाठवतं का?

साठच्या दशकातली गोष्ट. आमचं बिऱ्हाड नागपुरात धरमपेठेत, शेत कळमेश्वरच्या पलीकडे. फाल्गुनात गहू कापणीला आला की आम्ही सगळे गावच्या घरी जाऊन राहायचो. नवरा नोकरीमुळे नागपुरातच राही आणि रविवारी येई. त्याच दिवसांत बटेरांची शिकार चाले. परवान्याची बंदूक असली की तेव्हा कोणी हरकत घेत नसे.

बटेर म्हणजे मुठीत मावेल एवढं, मातीच्या रंगाचं पाखरू. हिवाळ्यात उत्तरेकडून येतं आणि ऊन तापायला लागलं की परत जातं. जाण्याआधी गव्हात दडून दाणे टिपत राहतं. पायाशी आलो तरी दिसत नाही, म्हणून त्याला कुत्रंच लागतं. आमची कुत्री पांढरी होती, कानांवर तपकिरी डाग. नाक वर करून ती शेतात आडवी-उभी धावायची आणि वास लागला की जागच्या जागी थिजायची. एक पाय दुमडलेला, शेपूट सरळ, डोळा हलायचा नाही. मग मी तिच्या पुढं जाऊन टाळी वाजवायची, बटेर फडफडत उडायची आणि मामाजी बार काढायचे.

आता मुख्य गोष्ट सांगते. मामाजींना नीट दिसत नव्हतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण घरात चहा गाळणाऱ्या बाईपासून काय लपतं? कप उचलताना त्यांचा हात आधी बशी चाचपायचा. टोपी खुंटीला अडकवताना दोनदा भिंतीला लागायची. आणि हा माणूस रोज गव्हात बार काढत होता, जिथं पंधरावीस बाया वाकून कापणी करत होत्या!

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा तुझ्या जन्माच्या आधीपासून बंदूक चालवतात." झालं! मग सासूबाईंकडे गेले. त्या गव्हाचं पीठ चाळत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि चाळणी न थांबवता म्हणाल्या, "तू पुढं चाल, बस." माझं डोकंच फिरलं. या बाईला ना माझी पर्वा, ना त्या कापणाऱ्या बायांची. मी पदर खोचला आणि पुढं चालत राहिले, कारण निदान बाया कुठं आहेत ते मला दिसत होतं. कोणी आडवी आली तर ओरडता तरी येईल, एवढाच माझा हिशोब.

शेतात जायला बांधावरून वाट होती. वाटेच्या कडेला जुनी विहीर, तिला कठडा नव्हता. मी पुढं, मागं मामाजी, त्यांच्या पायाशी कुत्री. मामाजी मला सारखे म्हणायचे, "बोलत राह वं पोरी." शिकारीला जाताना कोणी बोलतं का? पण आमच्या माहेरी मला बडबडी म्हणूनच ओळखायचे, तेव्हा मला काय, मी सुरू व्हायची. उमरेडच्या आमच्या हातमागांची खटखट, आईचं लोणचं, शेजारणीची भांडणं, काहीही.

त्या साली एकही बटेर पडली नाही. बार रोज व्हायचे. आवाज मात्र पोकळ यायचा, जणू बारूद दमट झाली होती. काडतुसं मामाजी घरीच भरायचे. पितळी नळीत बारूद, वर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची गोल टिकली, त्यावर छर्रे, शेवटी पुठ्ठ्याचं झाकण. आदल्या साली टिकल्या मीच कापून दिल्या होत्या. या साली ते खोलीचं दार लावून बसायचे. बार झाला की कुत्री उड्या मारत पुढं जायची, सगळीकडे हुंगायची आणि रिकाम्या तोंडानं परत येऊन मामाजींकडे बघायची. मला तिची कीव यायची.

गहू रोज कमी होत गेला तसा माझा जीव वरखाली होऊ लागला. कापणी पुढं सरकते तशी बटेर उरलेल्या गव्हात जाऊन बसतात. कुत्री तिकडेच जाणार, बंदूकही तिकडेच आणि विळेही तिकडेच. शेवटी विहिरीजवळ अंगणाएवढा तुकडा उरला. त्या सकाळी मी सगळ्या बायांना हात जोडून बाभळीखाली बसवलं. "मालकाचा बार होईस्तोवर कोणी हलू नका गं बायांनो," म्हटलं. त्या हसल्या. नागपूरची भित्री सून!

कुत्री गव्हाच्या तोंडाशी थिजली. मी पुढं झाले, टाळी वाजवली. दोन बटेर उठल्या, अगदी कमरेच्या उंचीनं, आणि सरळ पलीकडे निघाल्या. तिकडे गव्हातून एक बाई उभी राहिली. विळा विसरली होती म्हणून गुपचूप मागून आली होती. लाल लुगडं, भर उन्हात.

"मामाजी!" मी ओरडले आणि बार झाला.

बाई मटकन खाली बसली. कशी धावले मला आठवत नाही. जाऊन बघते तर ती पदर झटकत होती. पदरावर नमद्याची काळी टिकली धुमसत होती, त्यानं बोटभर भोक पडलं होतं. दुसरं काही नाही. रक्त नाही, एक छर्रा नाही.

"काय मालक, जाळलं नं माह्यं लुगडं! मी काय बटेर दिसतो तुमाले?" बाई कडाडली. बाभळीखालच्या सगळ्या खो खो हसायला लागल्या.

मामाजींचा चेहरा पांढरा पडला. बंदूक खाली ठेवून त्यांनी दोन्ही हात जोडले. "माफ कर वं माय," म्हणाले. पण त्यांचं तोंड बाईकडे नव्हतंच. हसणं ऐकू आलं त्या बाभळीकडे वळून ते माफी मागत होते. बायांचं हसू तिथंच थांबलं.

मी त्यांच्या कमरेच्या पट्ट्यातलं एक काडतूस ओढलं आणि केसातल्या आकड्यानं झाकण उचकटलं. आतून गव्हाचा कोंडा सांडला.

"मले फक्त उजेड समजते," मामाजी हळूच म्हणाले. "दसऱ्यापासून."

"मग कशाला हे सगळं?" माझा आवाज चढला. "काहून येता तुम्ही इथं?"

त्यांनी हात खाली केला. कुत्रीनं आपलं डोकं आणून त्यात दिलं. "हे उभी राहिली अन् बंदूक वाजली नाही, तर तिले वाटन आपलंच चुकलं," ते म्हणाले. "तिचं काई चुकत नाही वं."

परत निघालो. मी पुढं, ते मागं. राग होता, भीती अंगातून उतरली नव्हती. मी तोंडातून शब्द काढला नाही. थोड्या वेळानं मागं बुटांचा आवाज थांबला. पाण्यात माती पडल्याचा आवाज आला. वळून बघते तर मामाजी विहिरीच्या अगदी तोंडाशी उभे, एक पाऊल काठाच्या बाहेर आलेलं. कुत्रीनं त्यांचं धोतर दातात धरलं होतं.

"बोलत काहून नाही वं पोरी?" त्यांनी विचारलं. घाबरले नव्हते. ते नुसते माझी वाट बघत होते.

मी हात धरून त्यांना वाटेवर घेतलं आणि बोलायला लागले. काय बोलले देव जाणे. लोणचं, माग, शेजारीण, रडत रडत सगळं एकात एक. घर येईपर्यंत थांबले नाही.

सासूबाई ओसरीवर पीठ चाळत बसल्या होत्या. त्यांनी माझा चेहरा बघितला, मागून येणारे मामाजी बघितले, त्यांच्या धोतराला लागलेला विहिरीकाठचा ओला चिखल बघितला. चाळणी थांबली. मग चाळणीतला कोंडा त्यांनी नीट गोळा केला, शेजारच्या वेगळ्या डब्यात भरला आणि झाकण लावलं.

"उद्या बी पुढंच चालजो वं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.