सात नंबरची भेग

होटेल मिरासोलमध्ये स्फोट झाला त्या सकाळी मनांग साल्विंग, म्हणजे आमची साल्विंगताई, दुसऱ्या मजल्यावर चादरी-टॉवेलांच्या खोलीत होती. मी खाली टेलिफोन ऑपरेटरच्या टेबलाशी होते. नाश्त्याची गर्दी नुकतीच ओसरली होती. आवाज मला आठवतच नाही. कानांत एकदम दडा बसला आणि समोरचा जिना धुळीत दिसेनासा झाला, एवढंच आठवतं.

मागच्या स्वयंपाकघरात गॅस साठला होता. आमचा आचारी मनोंग इस्तोय, आमचा इस्तोयदादा, त्यात गेला. साल्विंगला लोकांनी तासाभरानं काढलं. खोलीचं दार चौकटीसकट तिच्या अंगावर आलं होतं, पण छातीशी धरलेल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यानं तिला वाचवलं. डावा कान मात्र गेला. त्या कानात तेव्हापासून एकसारखं चूं वाजत असतं.

तिचं पूर्ण नाव साल्वासिओन सुमागायसाय. त्या वर्षी ती चौपन्न वर्षांची होती आणि त्यातली सव्वीस वर्षं तिनं मिरासोलमध्ये पलंग आवरण्यात घालवली होती. आमच्या इलोइलो शहरात काये रियाल रस्त्यावर जन्मलेल्या माणसाला मिरासोल म्हणजे घरचंच वाटतं. १९२८ सालची चार मजली इमारत, खाली फुटपाथवर कमानी, वर दगडी सूर्यफुलं. पाडायची म्हटल्यावर लोक चिडले. शेवटी ठरलं, दुरुस्त करायची.

दुरुस्तीचं काम इंजिनियर पालमारेसकडे आलं. बारीक, चष्मेवाला, मोजकं बोलणारा माणूस. स्वयंपाकघरातले दोन खांब स्फोटात मोडले होते. त्यांच्यावरचा भार पेलायला त्यानं चाळीसेक लोखंडी टेकू उभे केले. टेकूंच्या भरवशावर मोडके खांब कापून काढायचे आणि जागेवर नवे ओतायचे, असा बेत होता. तोवर इमारत हलतेय का, हे बघणारं कोणीतरी हवं होतं.

मला त्यानं हजेरी लिहायला ठेवलं होतं. मला म्हणाला, "गवंडी नको, मजूर नको. ते एका तासात कंटाळतात आणि अंदाजानं आकडे लिहितात. तुमच्यापैकी कोणी आहे का, जो रोज तेच काम तितक्याच नीट करेल?"

मी साल्विंगचं नाव सांगितलं. चादरीला एक सुरकुती राहिली तर परत पलंग उपसणारी बाई.

ती आली तेव्हा दारातच थबकली. उजवा हात भिंतीला लावला आणि काढून घेतला. "इंदाय, मी आत नाही जायची गं," मला म्हणाली; इंदाय म्हणजे पोरी. पण घरी बसून तरी काय करायचं होतं? सेल्मो, तिचा नवरा, गिमारास बेटावर होडीनं माणसं ने-आण करायचा. तो सकाळीच धक्क्यावर जायचा आणि रिकाम्या घरात तिला तो कान खायला उठायचा. चौथ्या दिवशी ती कामावर आली.

काम दिसायला सोपं होतं. भिंतींना जिथे जिथे भेगा गेल्या होत्या तिथे दोन्ही कडांना एकेक पारदर्शक पट्टी, एकीवर दुसरी येईल अशी चिकटवली होती. एका पट्टीवर बारीक चौकटींची घरं, दुसरीवर लाल फुली. भेग रुंदावली की फुली सरकायची. अशा अकरा जागा. दर अर्ध्या तासाला फेरी मारायची, अकरा आकडे वहीत लिहायचे आणि कुठलीही फुली दोन घरं सरकली की गळ्यातली शिट्टी फुंकायची. शिट्टी वाजली की माणसांनी हातातलं टाकून रस्त्यावर पळायचं.

दुपारी ती जेवायचीसुद्धा नाही. मी डबा उघडून भात आणि सुकी मासळी पुढे केली की म्हणायची, "तू खा. मी जरा चार नंबर बघून येते." आत्ताच बघून आलेली असायची.

तिसऱ्या आठवड्यात तिनं शिट्टी फुंकली. साठ माणसं जीव घेऊन बाहेर पळाली. एकाचा गुडघा फुटला. पालमारेसनं आत जाऊन सगळ्या पट्ट्या पाहिल्या. एकही फुली जागची हलली नव्हती. शेजारच्या गल्लीत पाणी उपसायचा पंप सुरू झाला होता. त्याची थरथर तिला भिंतीत लागली आणि तिचा धीर सुटला होता.

मुकादम दोरिंगला आयतंच सापडलं. पोट सुटलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बघून ओरडला, "मनांग, आज किती वाजता पळायचंय? आधीच सांगून ठेव, मी लंगोट घट्ट बांधतो!"

"तुझं पोट बघता तू अर्ध्या रस्त्यातच पडशील," ती म्हणाली. सगळे हसले. ती हसली नाही.

पालमारेस बाजूला घेऊन तिला नीट म्हणाला, "मनांग, भीती वाटली म्हणून शिट्टी नको. दोन घरं सरकली तरच. नाहीतर खरी वेळ येईल तेव्हा कोणी पळणार नाही."

ते तिच्या मनात घर करून बसलं. आता तिला दोन्हीकडून भीती. वाजवावी तर हसं, न वाजवावी तर साठ माणसांचे जीव. "माझा कानच खोटं बोलतो, इंदाय," मला म्हणायची. "मी कुणावर विश्वास ठेवू?" म्हणून तिनं वहीवर विश्वास ठेवला. आधी नुसते आकडे लिहायची, आता ती नेमकी वेळ आणि ढग होते की ऊन होतं तेही लिहून ठेवू लागली.

सात नंबरची पट्टी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर होती, नदीच्या बाजूला. पुढच्या सोमवारी नऊच्या सुमाराला तिथली फुली अर्धं घर सरकली आणि दुपारी परत आली. मंगळवारी दहाला तेच. बुधवारी अकराला. अर्धं घर म्हणजे काहीच नाही, पण परत परत कशासाठी? तिनं भीतभीत पालमारेसला दाखवलं.

"ऊन लागतं भिंतीला," तो म्हणाला. "तापली की फुगते, निवली की आकसते. जुन्या भिंती असं करतात." तो घाईत होता. येत्या सोमवारी पहिला मोडका खांब कापायचा होता.

गुरुवारी साडेअकरा. शुक्रवारी साडेबारा. आणि शुक्रवारी तर सकाळपासून आभाळ भरलेलं, उन्हाचा पत्ता नव्हता.

त्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. सेल्मो नुकताच होडी बांधून आला होता आणि ताटात भात घेऊन बसला होता. साल्विंगनं वही त्याच्या ताटाशेजारी आपटली.

"बघ रे, मला वेड लागलंय का सांग."

"ते सांगायला वही कशाला हवी?" तो म्हणाला. पण बोटं पुसून त्यानं पान उलटलं. एक आकडा पाहिला, दुसरा पाहिला, आणि त्याचा घास तसाच राहिला. "हे कुणी लिहून दिलं तुला?"

"कुणी म्हणजे? मीच लिहिते की."

"अगं, ही माझ्या धक्क्याची वेळ आहे. सोमवारी नऊला ओहोटी होती, माझी होडी चिखलात बसलेली. मंगळवारी दहाला. रोज पाऊण-एक तास पुढे." त्यानं बोट सरकवत नेलं. "पाणी उतरलं की तुझी भेग उघडते, पाणी चढलं की मिटते. ऊन कशाला रोज तासभर उशिरा येईल?"

भरती-ओहोटीचं पाणी नदीतही चढतं-उतरतं. नदी होटेलपासून शंभर पावलांवर आहे, हे आम्हाला जन्मापासून माहीत होतं.

"उद्या किती वाजता?" साल्विंगनं विचारलं.

"एक वीस." त्यानं पेन्सिल घेऊन पुढच्या कोऱ्या पानावर ते लिहिलं.

"आणि नाही उघडली तर? दोरिंग मला उभं राहू देणार नाही रे."

"नाही उघडली तर माझ्या होडीवर तिकिटं फाड," सेल्मो म्हणाला. "पण सांग इंजिनियरला. सोमवारी खांब कापायचाय म्हणतेस ना?"

शनिवारी ती सातलाच आली. मी तिच्या शेजारून चालत होते. पालमारेस नकाशे पसरून बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. एका दमात म्हणाली, "इंजिनियर, आज एक वीसला सात नंबर उघडणार. अर्धं घर तरी. तुम्ही स्वतः येऊन बघा."

दोरिंग तिथेच होता. "अरे वा! मनांग आता ज्योतिषही सांगायला लागली. माझ्या नशिबात लॉटरी आहे का बघ गं!"

पालमारेस मात्र हसला नाही. त्यानं वही मागून घेतली आणि उभ्याउभ्या वाचली. सेल्मोनं त्यात ओहोटीच्या वेळा ओळखल्या, हे ऐकल्यावर चष्मा काढून पुसला. "एकला येतो," म्हणाला.

एकला तो आला. दोरिंगही आला, गंमत बघायला. आभाळ कालच्यासारखंच भरलेलं होतं. एक पाचला फुली जागेवर. एक दहाला जागेवर. दोरिंगनं खाकरून तोंड उघडलं, तेवढ्यात पालमारेसनं हात वर केला. फुली सरकत होती. डोळ्यांना सरकताना दिसत नव्हती, पण नजर वळवून परत पाहिलं की पुढे गेलेली. एक वीसला पाऊण घर.

पालमारेस खाली बसला. टेकूंच्या तळाशी जाड फळ्या होत्या, फळ्यांखाली स्वयंपाकघराची जुनी फरशी. त्यानं फरशीवर हातोडीचा दांडा आपटला. भरीव आवाज. दोन हात पुढे सरकून आपटला. पोकळ.

"मनांग," तो न वळता हळू म्हणाला, "शिट्टी वाजवा."

"पण दोन घरं नाही झाली."

"वाजवा!"

तिनं फुंकली. पहिल्या वेळी आवाजच निघाला नाही, ओठ सुकले होते. दुसऱ्यांदा वाजली. त्या दिवशी सगळ्यांत आधी दोरिंग पळाला, आणि जाता जाता तिचा दंड धरून तिलाही ओढत बाहेर घेऊन गेला.

दोन तास आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे होतो. इमारत होती तशीच उभी. साल्विंग वहीची पानं मागेपुढे उलटत होती. मी तिची पाठ चोळत राहिले. "काही नसेल तर?" ती सारखी विचारत होती. "इंदाय, काहीच नसेल तर?"

भरती लागल्यावर पालमारेस दोरिंगला आणि आणखी एकाला घेऊन आत गेला. फरशीला भोक पाडून फीत सोडली, तर फीत माणूसभर खाली गेली आणि भिजून वर आली. स्पॅनिश काळातला विटांचा एक नाला स्वयंपाकघराखालून नदीकडे जात होता. कुठल्याच नकाशात तो नव्हता. स्फोटानं त्याचं छत फुटलं होतं, आणि प्रत्येक ओहोटीला पाणी थोडी थोडी माती घेऊन जात होतं. तीन टेकू तर नुसते वरच्या तुळईला लटकून होते. त्यांच्या तळाच्या फळीखालून दोरिंगचा हात आरपार गेला. त्यांचा भार त्या मोडक्याच खांबांनी उचलला होता, ज्यातला एक सोमवारी कापायचा होता.

दोरिंग बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. सोमवारी त्या खांबापाशी तोच उभा राहणार होता. त्यानं समोरच्या टपरीवरून बाचोयचा, म्हणजे नूडल्सच्या सुपाचा, गरम वाडगा आणून साल्विंगच्या हातात दिला. "खा," म्हणाला. "महिनाभर बघतोय, काही खात नाहीस." तिनं उभ्यानंच सगळा संपवला.

नाला बांधून काढायला आणि पोकळी भरायला सात आठवडे गेले. त्यानंतर खांब कापला त्या दिवशी पालमारेसनं फेरी दर पाच मिनिटांची केली. साल्विंग सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत एकटी फिरत होती. एकदाही बसली नाही. मला खिडकीतून ती दिसायची, सात नंबरपाशी नाक लावून, ओठ हलताहेत. प्रार्थना म्हणतेय की आकडे मोजतेय, कळायचं नाही. चार वाजता सगळा भार टेकूंवर आला. फुली पाव घर सरकली आणि थांबली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पालमारेसनं जमिनीवर बसून डोळे मिटून घेतले. साल्विंगनं वहीत पुढची वेळ लिहिली आणि आठ नंबरकडे गेली.

पुढच्या वर्षी मिरासोल उघडलं. मालकांनी तिला सगळ्या खोल्यांची मुख्य म्हणून बोलावलं. ती आली खरी, पण दुसऱ्या मजल्यावरच्या त्या चादरींच्या खोलीत पहिले चार महिने ती एकटी शिरली नाही. मी नाहीतर दुसरी कोणी दारात उभी राहायची, मग ती आत जायची. भीती गेली का, असं मी विचारलं की चिडायची. "का जावी?" म्हणायची.

गेल्या पावसाळ्यात इथे भूकंपाचा छोटा धक्का बसला. दिवे हलले, दोन पेले फुटले, बस. पण साल्विंगनं चारही मजले रिकामे केले. पाहुणे, वाढपी, मॅनेजर, लग्नाची एक वरात नवरीसकट, सगळे समोरच्या फुटपाथवर. पाचच मिनिटांत नवा मॅनेजर हात जोडायला लागला.

"मनांग, काही झालेलं नाही. आत सोडा ना लोकांना. सूप निवतंय."

"निवू दे."

"अहो, पण किती वेळ?"

"इंजिनियर पालमारेस येतोय. त्यानं बघितल्यावर." ती दारात पाय रोवून उभी राहिली, एक हात चौकटीवर. त्या हातानं ती भिंतीची थरथर चाचपत होती. मी शेजारीच होते म्हणून मला कळलं, बाकी कुणाला नाही. दीड तास तिनं कुणाला आत सोडलं नाही. नवरी कंटाळून फुटपाथच्या कडेला बूट काढून बसली, आणि वराच्या मामानं समोरच्या टपरीवरून अख्ख्या वरातीला बाचोय मागवलं.