चिनीणबाईचं अळणी

चिनीणबाई आपल्या चुलीवरच्या बुडकुल्याला कुणाला हात लावू देत नसे. झाकणाभोवती ओल्या कागदाची पट्टी गुंडाळून ती तीन-तीन तास राखणीला बसायची. तिचा नवरा शाहूपुरीत दातांचा डॉक्टर होता. तो नुसता वासाने डोकावला तरी ओरडायची, "झाकण काढलं की ताकद पळती!" कोल्हापूर संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, पण आमच्या गल्लीला या चिनी बिऱ्हाडाचंच नवल जास्त.

मराठी ती भाजीवाल्यांकडून शिकली होती, त्यामुळे साधं बोलणंही भांडल्यासारखं वाटायचं. "काय पावणं, दोडका हाय का दांडकं?" असं विचारून ती मंडईला हसवायची.

माझी आई नव्हती, म्हणून माझं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. दूध पुरेना, पोर रडून हैराण. भिंतीपलीकडून ते ऐकून चिनीणबाई दुसऱ्याच दिवशी झाकलेला वाडगा घेऊन हजर झाली. कोंबडी, आलं, बोरांसारखी लाल फळं आणि कसलीशी काळी मुळं. दिसायला आपल्या मटणाच्या अळणीसारखंच, म्हणजे मसाला-तिखट न घातलेल्या पाण्यासारखंच, फक्त वास वैद्याच्या दुकानाचा. "पी. रक्त येतंय, दूध येतंय," ती म्हणाली.

तिची पाठ वळताच सासूबाई म्हणाल्या, "साप-बेडूक काय घातलंय कुणास ठाव. तोंडाला लावायचं न्हाय."

सासूबाईंवर ढकलणं सोपं आहे. पण मी मॅट्रिक झालेली, आणि तिला कोंबडी साफ करताना खिडकीतून डोळ्यांनी पाहिलेलं. तरी मीच तो वाडगा मोरीत ओतला. एक दिवस नव्हे, दहा दिवस. वर रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून धुऊन त्यात गुळाचा खडा ठेवायची. तो पाहून ती अशी खुलायची की मला तिच्याकडे बघवत नसे. पुढे डिंक-हळिवाने दूध आलं. श्रेय तिने घेतलं, मी घेऊ दिलं.

पुढच्या वर्षी ती बाळंत झाली. बघायला गेले तर चेहरा पांढराफटक. मी विचारलं, "तुझं ते सूप का करत नाहीस गं?"

"संपलं की," ती म्हणाली. "आईनं कलकत्त्यास्नं त्या मुळांची पुडी दिल्ती, एका बाळंतपणापुरती. तुला घातली. तुला आई न्हाय. मला हाय की."

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी महिनाभर मी तिला मटणाचं अळणी नेऊन देत राहिले. ती माझ्यासमोर बसून थेंबन् थेंब प्यायची, आणि मी जमिनीकडे बघत बसायची.

दोन-तीन वर्षांनी ते बिऱ्हाड कलकत्त्याला हललं. स्टेशनवर तिने माझ्या पोरीचा गालगुच्चा घेतला आणि चारचौघांत मोठ्याने म्हणाली, "ही माझ्या सूपाची पोरगी हाय!" मी मान डोलावली.

लेक अजून हे कौतुकाने सांगते. परवा तिने विचारलं, "आई, कसं लागायचं गं ते सूप?"

"गोडसर," मी म्हणाले. एक घोटही मी कधी घेतला नव्हता.