दर रविवारी हरणारा संघ

ऑकलंडच्या विमानतळावर माझ्या चकल्यांची कसून चौकशी झाली. ‘किआ ओरा’ (तिथल्या माओरी भाषेतला नमस्कार) म्हणत एका हसऱ्या अधिकारीबाईंनी डबा उघडला, आत बी-बियाणं काही नाही याची खात्री करून घेतली आणि डबा परत माझ्या हातात दिला. दिवाळी वाचली. बाहेर पाऊस होता, गाडीपर्यंत पोचेस्तोवर कडक ऊन पडलं आणि सामान डिकीत ठेवताना पुन्हा भुरभुर. इथे म्हणे रोजच असं.

घ्यायला माझी धाकटी बहीण वैशाली, तिचे यजमान नितीनराव आणि भाची सई असे तिघं आले होते. सईने ‘हाय मामा’ म्हणून मिठी मारली आणि गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर पाहत राहिली. मी वैशालीकडे पाहिलं.

“आत्ता नको बोलूस तिच्याशी,” वैशाली हळूच म्हणाली. “तिची टीम परत हरली.”

हे प्रकरण जरा सांगायला हवं. सईचा जन्म कॅनडातला, गव्हाच्या सपाट मुलखातल्या एका शहरातला. वैशाली नर्स. इथल्या हॉस्पिटलात चांगली नोकरी मिळाली म्हणून गेल्या वर्षी सगळे न्यूझीलंडला आले. चौदा वर्षांच्या सईच्या मैत्रिणी तिकडे राहिल्या, बर्फ तिकडे राहिला आणि त्या शहराचा फुटबॉल संघही. हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, शिरस्त्राणं घालून एकमेकांवर आदळण्याचा. तिथल्या शनिवार संध्याकाळचा सामना इथे रविवारी दुपारी लागतो. यंदा या संघाची पार वाट लागली होती. मुख्य खेळाडूचा खांदा सुरुवातीलाच निखळला, मधेच प्रशिक्षकाला घरी पाठवलं, आणि आता एकच सामना उरला होता, तोही नुसता नावापुरता.

त्यांचं घर माउंट रॉस्किल या उपनगरात, भाड्याचं, लाकडी, मागे हिरवळ असलेलं. कोपऱ्यावर डेअरी आहे. डेअरी म्हणजे दूधडेअरी नव्हे, आपलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान; तिथला गुजराती दुकानदार दुसऱ्याच दिवशी मला ‘काका’ म्हणायला लागला. शाळा सुटल्यावर सई मला न्यू लिनची बाजारपेठ दाखवायला निघाली. बस आली, मी सभ्य माणसासारखा हाताची घडी घालून उभा राहिलो, आणि बस आमच्या नाकासमोरून निघून गेली.

“मामा, यू हॅव टू वेव्ह!” सई फोनमधून डोकं वर काढून म्हणाली.

“बसला हात दाखवायचा? ती थांब्यावर आपणहून थांबत नाही?”

“नो.” आणि ती पहिल्यांदा हसली.

पुढची बस येईपर्यंत तिने मला तिचा खेळ समजावला. त्यातला एक नियम मला फार आवडला. गोलासाठी मारलेली किक चुकली, पण समोरच्याला तो चेंडू आपल्या टोकाच्या पट्ट्यातून बाहेर आणता आला नाही, तर चुकलेल्या किकेलाही एक गुण मिळतो. आमच्या शाळेत चुकल्याबद्दल गुण कोणी दिला नव्हता.

“मग तुमचे लोक इतके का हरतायत?” मी विचारलं.

सई थोडा वेळ बुटाच्या नाडीशी खेळत बसली. मग म्हणाली, “बिकॉज बाबा बसत नाही.”

मला लगेच समजलं. आमच्या घरी क्रिकेटची मॅच चालू असताना जोडी जमली की कोणी जागचं हलायचं नाही, असा कडक दंडक होता. एकदा वैशाली पाणी प्यायला उठली आणि विकेट पडली, तर तिच्याशी दिवसभर कोणी बोललं नव्हतं. तोच दंडक तिने कॅनडात नेला होता. तिथे सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बाबा, मधे आई, उजवीकडे सई. यंदा मात्र सामना लागला की नितीनराव गवत कापायला जायचे.

शनिवारी नितीनरावांनी मला पश्चिम किनारा दाखवायला नेलं. तिथली वाळू काळीभोर, लाटा दांडग्या. कागदात गुंडाळलेले तळलेले मासे आणि कुमारा (तिथलं रताळं) खाता खाता मी सईचं म्हणणं त्यांना सांगून टाकलं. हा शहाणपणा होता की आगाऊपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला. “दादा, ती त्या टीमसाठी रडते ना, तेव्हा मला वाटतं, मीच वैशालीला हो म्हणालो आणि हिला तिथून उपटून आणलं. म्हणून मी बाहेर जातो. गवत कापून झालं की गाडीत बसून स्कोअर बघतो.”

“मग उद्या बसा की. शेवटचाच सामना आहे.”

“आणि बसलो, तरी हरले तर?”

एक धीट सीगल तेवढ्यात त्यांचा मासा घेऊन गेला.

रविवारी सामना सुरू झाला आणि नितीनराव येऊन डाव्या कोपऱ्यात बसले. सईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पाय वर घेतले. मला बाजूची खुर्ची मिळाली. आमचा संघ (हो, एव्हाना आमचाच) चक्क पुढे गेला. मध्यंतरानंतर मी बाथरूमला म्हणून उठायला लागलो.

“मामा, खाली बस! उठायचं नाही अजिबात!” सई ओरडली. मी आल्यापासूनचं तिचं पहिलं सबंध मराठी वाक्य. मी मुकाट्याने बसलो. कसा बसलो ते माझं मला ठाऊक.

मग समोरच्यांनी गाठलं आणि दोन गुणांनी पुढे गेले. अगदी शेवटच्या क्षणी आमची किक; गोलाच्या खांबांमधून गेली तर तीन गुण. चेंडू खांबाबाहेरून गेला. समोरच्याला तो बाहेर काढता आला नाही, म्हणून एक गुण मिळाला. आणि आम्ही एका गुणाने हरलो.

नितीनराव मान खाली घालून स्वतःच्या तळव्यांकडे पाहत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

“बाबा,” सई म्हणाली, “तू बसलास तरी हरले.”

“हो ग.”

“मग... इतके दिवस पण तुझ्यामुळे नव्हतं.”

ती मधे बसलेल्या आईला ओलांडून पलीकडे गेली आणि त्यांच्या कुशीत शिरली. नितीनराव रडले, सरळ, आवाज करून. वैशालीही रडली. मी अखेर बाथरूमला गेलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तिथे थांबलो.

पुण्याला परतल्यावर सगळे विचारतात, न्यूझीलंडमध्ये काय पाहिलंस? मी काळ्या वाळूचे फोटो दाखवतो, बसची फजिती सांगतो. पण मनात त्या चुकलेल्या किकेचाच विचार येत राहतो. ती खांबांमधून गेली असती, तर संघ जिंकला असता, घरात आरडाओरडा झाला असता, आणि सईचं म्हणणं खरं ठरलं असतं. साऱ्या मोसमाचे पराभव त्या बापाच्या माथी कायमचे बसले असते. ते हरले, हे फार बरं झालं. सईला मात्र मी हे कधीच सांगणार नाही.